बाहेरची तीन पुस्तके

दरवेळी ह्या पानांवर मी एखादा अभंग घेतो आणि यथामती त्याचा विचार आपल्यापुढे मांडतो. आज तीन पुस्तकांविषयी लिहितो आहे, आणि तीनही आपल्या फडावर वाचली जाणारी नाहीत. एक ललित लेखांचे, एक कवितांचे आणि एक कादंबरी. चातुर्मासात माझ्या नातीने ती आणून दिली. म्हणाली, "आजोबा, आता कीर्तनाला जायचे नाही, तर दुपारी ही वाचा. तिन्हींत तुमचाच विठोबा आहे."

आधी माझा पूर्वग्रह सांगतो, म्हणजे पुढचे लिहिणे प्रामाणिक होईल. कादंबरी वाचणे म्हणजे आयुष्याचा अपव्यय, असे मी व्यासपीठावरून अनेकदा बोललो आहे. ज्ञानेश्वरी, नाथभागवत आणि गाथा ही प्रस्थानत्रयी असता बाहेर हिंडायचे कशाला, असा माझा रोकडा सवाल असे. श्रोते माना डोलवीत. त्यांतले निम्मे घरी जाऊन कादंबरीच वाचीत असतील, हे माझ्या ध्यानात येत नसे.

आम्हाला शिकवताना गुरुजी सांगत की कोणताही ग्रंथ हाती घेताना चार गोष्टी पाहाव्यात. त्याचा विषय कोणता, प्रयोजन काय, ग्रंथाचा त्यांच्याशी संबंध कसा, आणि वाचायला अधिकारी कोण. ह्याला अनुबंधचतुष्टय म्हणतात. तीच जुनी मोजपट्टी घेऊन मी ह्या तीन पुस्तकांपुढे बसलो.

पहिले पुस्तक इरावती कर्वे ह्यांचे 'परिपूर्ती', १९४९ सालचे. त्यातला 'वाटचाल' हा लेख वारीवर आहे. बाई विदुषी, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संशोधन करणाऱ्या. त्या माउलींच्या पालखीबरोबर पंढरीला चालत गेल्या. मला वाटले, शहरातली शिकलेली बाई, लांबून पाहील आणि टिपणे काढील. पण हा लेख पायांनी लिहिलेला आहे. उन्हात आणि चिखलात चालल्यावर शेजारच्या बाईशी जे नाते जुळते ते त्यात आहे. महाराष्ट्र म्हणजे काय, तर ज्या मुलखातले लोक पंढरीला जातात तो मुलूख, अशा अर्थाची त्यांची व्याख्या आज सगळ्यांच्या तोंडी आहे. ती आम्ही कीर्तनकारही मोठ्या अभिमानाने सांगतो.

त्याच लेखात त्यांनी पुढे जे लिहिले आहे ते मात्र आम्ही सांगत नाही. त्यांच्या दिंडीत ब्राह्मण आणि मराठा बायामाणसे एकत्र चालत, एकत्र अभंग म्हणत, आणि जेवायला मात्र वेगवेगळी बसत. बाईंना ते फार लागले. दोन्हीकडच्या माणसांवर त्यांचा जीव जडला होता, म्हणून लागले. त्यांत टीकाकाराचा तोरा नाही. घरातले भांडण पाहिलेल्या माणसाचे दुःख आहे.

वाचकहो, येथे मी पुस्तक मिटून ठेवले. लहानपणी वडिलांचे बोट धरून दिंडीत चालताना मी दोन चुली पाहिल्या होत्या. वडिलांना विचारलेही होते. ते म्हणाले, "चालताना सगळे एक, जेवताना ज्याचे त्याचे." ते उत्तर मी गिळले. पुढे मी काल्याची कीर्तने करू लागलो. काला म्हणजे काय हे आपणांस सांगायला नको. गोपाळांच्या शिदोऱ्या देवाने एकत्र केल्या, कोणाची भाकरी कोणाची हे उरू दिले नाही. एका गावी सप्ताहाच्या सांगतेला मी हे निरूपण दोन तास केले. लोकांचे डोळे पाणावले. मग खाली उतरलो, तर त्याच मांडवामागे दोन पंगती मांडलेल्या. मला पहिलीत मानाचा पाट होता. मी हात धुतले आणि बसलो. गावाचे नाव सांगत नाही, कारण दोष गावाचा कमी आणि माझा अधिक. गावाने काला ऐकला होता, मी तो सांगितला होता.

बाईंचा लेख हा भेद मोडण्याचा उपाय सांगत नाही, अशी तक्रार कोणी करील. मला तो उणेपणा वाटत नाही. चालणाऱ्याने पाहिले ते लिहिले. उपाय ज्यांच्या हाती टाळ आणि वीणा आहे त्यांनी करायचा होता.

दुसरे पुस्तक बा. सी. मर्ढेकरांचे, 'काही कविता', १९४७ सालचे. ह्या पुस्तकावर अश्लीलतेचा खटला झाला आणि कवी त्यातून निर्दोष सुटले, एवढे मी ऐकून होतो. म्हणून घरात आणताना नातीकडे जरा डोळे वटारूनच पाहिले. वाचू लागलो तर पिंपात मरून पडलेले उंदीर, यंत्रे, इंग्रजी शब्द. आणि मधूनच अभंग! भाव नव्हे, चाल. सहा, सहा, सहा, चार अशी अक्षरांची जी मोट आपण जन्मभर हाकली, तीच हा मनुष्य हाकतो आहे, आणि विहिरीतून काढतो आहे काळे पाणी. प्रथम रागच आला. ज्या पात्रात देवाचा नैवेद्य वाढायचा त्यात हे काय वाढले, असे झाले.

पण चाल खोटी आहे का, हे पाहावे म्हणून मांडीवर ताल धरून म्हणून पाहिले. पखवाजाला दगा देणारी रचना जिभेवर लगेच अडखळते. ही अडखळली नाही. म्हणजे हा कवी अभंगाची थट्टा करीत नव्हता. त्याच्या कानात संत बसलेले होते आणि डोळ्यांपुढे मात्र महायुद्धानंतरचे मुंबईसारखे शहर होते. त्याला देवाला हाक मारायची आहे, पण देव ऐकतो आहे असा भरवसा नाही. तरी हाक मारायची सोडवत नाही, आणि हाकेला दुसरी भाषा सापडत नाही.

ही अवस्था आपल्याला परकी आहे का? तुकोबांच्या करुणेच्या अभंगांत काय आहे? देव भेटत नाही म्हणून जीव जाळणारे, देवाला वाटेल ते बोलणारे अभंग गाथेत शेकड्यांनी आहेत. आम्ही कीर्तनाला बहुधा भेट झाल्यानंतरचे अभंग निवडतो. त्यात आनंद असतो, टाळकऱ्यांना रंग भरता येतो, आणि आयोजकही खूष असतात. मांडवात कोपऱ्यात बसलेला, ज्याला अजून काहीच भेटलेले नाही, असा एखादा श्रोता त्या दिवशी रिकामाच परत जातो. मर्ढेकर वाचताना मला तो श्रोता प्रथम दिसला.

कवितांचा गुण सांगितला तसा दोषही सांगितला पाहिजे. काही ठिकाणी शब्द ओढूनताणून जुंपले आहेत. धक्का बसतो, पण अर्थ मागून येत नाही. काही कविता मला अजिबात उलगडल्या नाहीत. मात्र न कळणे हा दरवेळी कवीचाच अपराध नसतो. ज्ञानेश्वरीच्या कित्येक ओव्या मला पन्नाशी उलटल्यावर कळल्या, तोवर मी त्यांवर बेधडक बोलत होतो.

तिसरे पुस्तक दि. बा. मोकाशी ह्यांची 'आनंदओवरी', १९७४ साली आलेली कादंबरी. ह्याच मोकाश्यांनी वारी चालून 'पालखी' हे पुस्तकही लिहिले आहे. 'आनंदओवरी' सांगतो तो तुकोबांचा धाकटा भाऊ, कान्होबा. तुकोबा दिसेनासे झाले आहेत आणि मागे राहिलेला भाऊ सगळे आठवतो आहे. आईबापांचे जाणे, थोरल्या सावजीने घर सोडणे, दुष्काळ, वहिनीचे मरण, मधल्या भावाचे डोंगरावर जाऊन बसणे, आणि घर कोणी ओढायचे हा रोजचा प्रश्न.

मी सावरून बसलो होतो. सांप्रदायाने सदेह वैकुंठगमन मानले आहे. कादंबरीकार तेथे काय करतो, ह्यावर माझा डोळा होता. पण मोकाशी वादात उतरत नाहीत. ते एवढेच विचारतात की शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेला भाऊ गेला, तर तृतीयेला त्या घरात काय झाले असेल? वाचकहो, बिजेची कीर्तने मी जन्मभर केली. तृतीयेचा विचार एकदाही केला नाही.

आता माझी कबुली. आवलीच्या गोष्टी सांगून मी श्रोत्यांना पोट धरून हसवले आहे. ती विठोबाला शिव्या देते, नवऱ्यावर कावते, हे आवाज काढून सांगितले की मांडव हसतो आणि पुढचे जड निरूपण सोपे जाते. कान्होबाच्या डोळ्यांनी तीच आवली पाहिली, तेव्हा लेकरांपुढे वाढायला काही नसलेली बाई दिसली. परंपरा सांगते की तुकोबा गेले तेव्हा ती गरोदर होती. पोटातले ते लेकरू म्हणजे नारायणबाबा, आणि तुकोबांच्या पादुका पालखीत घालून देहूहून आळंदीमार्गे पंढरीला नेण्याची रीत १६८५ साली घालून दिली ती त्यांनीच. जिच्या उदरातून पालखी आली, तिला मी विनोदासाठी उभी करीत होतो.

कादंबरीत उणे काय? तुकोबांचा आनंद तिच्यात पुरता येत नाही. भंडाऱ्यावर त्यांना काय लाभले, ते उंबऱ्याशी उभ्या असलेल्या भावाला दिसणार कसे? हे लेखकाने जाणूनबुजून पत्करलेले बंधन आहे, तरी वारकऱ्याला वाचताना ती जागा रिती लागते. ती भरायला गाथा आहेच. आणि गाथेत आणखीही काही आहे. 'तुकयाबंधु' अशी मुद्रा असलेले अभंग आपण सर्वांनी पाहिले आहेत. भाऊ गेल्यावर कान्होबा त्यांत देवाशी चक्क भांडतो, आपला भाऊ परत मागतो. म्हणजे ह्या कादंबरीला प्रमाण हवे असेल तर ते आपल्याच ग्रंथात छापलेले आहे. मोकाश्यांनी ती पाने वाचली. आम्ही ती ओलांडून पुढे जात होतो.

हे सगळे मला इतके का लागले, ते सांगतो. मी आळंदीला शिकायला गेलो तेव्हा धाकटा भाऊ शाळेत होता. त्याची शाळा सुटली, कारण शेताला माणूस हवे होते. पुढे मी आठआठ महिने गावोगाव, आणि तो बांधावर. माझा सत्कार झाला की तो मागे, चपलांपाशी उभा असे. गेल्या महिन्यात त्याला ह्या पुस्तकातली काही पाने वाचून दाखवली. कर्जखतांची गोष्ट त्याला माझ्या कीर्तनातून पाठ होती. तुकोबांनी खतांच्या दोन वाटण्या केल्या, निम्मी कान्होबाला दिली आणि आपल्या वाटणीची इंद्रायणीत सोडली. ह्या प्रसंगावर मी तासभर वैराग्य सांगत असे.

भाऊ ऐकून थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "दादा, कान्होबाच्या वाटणीची खतं होती ना, त्यानं ती वसूल केली असतील. करावीच लागली असतील. घरात खाणारी तोंडं होती."

इंद्रायणीत बुडालेल्या निम्म्या खतांवर मी चाळीस वर्षे बोललो. उरलेल्या निम्म्या खतांविषयी मला कोणी विचारले नाही, आणि मलाही ते सुचले नाही. ते माझ्या भावाला सुचले, कारण ती त्याच्या वाटणीला आली होती. मी त्याला काही उत्तर देऊ शकलो नाही. त्याचा हात हातात घेतला. तो ओशाळून म्हणाला, "चल, चहा निवतोय."

तेव्हा अनुबंधचतुष्टयाचा हिशेब असा निघाला. विषय तिन्ही पुस्तकांचा आपलाच आहे. वारी, हाक आणि तुकोबांचे घर. प्रयोजन, बाहेर राहिलेल्या माणसाकडे पाहायला लावणे. वेगळ्या पंगतीतला, भरवसा नसलेला आणि मागे घर ओढणारा. संबंध किती जवळचा, तो वर आलाच. राहिला अधिकार. ही पुस्तके वारकऱ्याने वाचावीत अशा योग्यतेची आहेत का, हे पाहायला मी बसलो होतो. वाचताना उलटेच झाले, पुस्तकेच माझा अधिकार तपासू लागली. बाहेरचे प्रत्येक पुस्तक असे करील असे नाही. वेळ दवडणारी पुस्तके पुष्कळ आहेत. पण जे वाचून झाल्यावर माणूस गाथा पुन्हा उघडतो आणि त्याला न वाचलेले पान सापडते, ते पुस्तक वारकऱ्याला वर्ज्य नाही, एवढे मी आता म्हणतो. पूर्वीचे माझे बोलणे ज्यांनी ऐकले असेल त्यांनी ते सोडून द्यावे.

माझा आवाज आता राहिला नाही. तरुण कीर्तनकारांना विनंती आहे. येत्या बिजेला सेवा असेल तर एखाद्या वर्षी 'तुकयाबंधूं'चा अभंग घ्यावा. आवली आली तर तिला हसू नये, हसवू नये. आणि कीर्तन संपल्यावर चपलांपाशी कोण उभे आहे, ते एकवार पाहावे.

रामकृष्णहरि.