‘विरेचन’ : एका वैद्यकीय संज्ञेची समीक्षेतील वाटचाल

मराठी समीक्षेत ‘कॅथार्सिस’साठी ‘विरेचन’ ही संज्ञा इतकी रुळली आहे की, ती वापरताना आपण एका जुन्या वादात पक्ष घेत आहोत, याचे भान सहसा राहत नाही. पर्यायी संज्ञेची निवड हाही एक अर्थनिर्णयच असतो.

मूळ ग्रीक शब्दाला दोन संदर्भ आहेत. धर्मविधीत तो शुद्धीकरण सुचवतो, तर वैद्यकात शरीरातील दूषित द्रव्याचा निचरा. ॲरिस्टॉटलच्या ‘पोएटिक्स’मध्ये हा शब्द अवघा दोनदा येतो : सहाव्या प्रकरणात, शोकात्मिकेच्या व्याख्येत, करुणा आणि भीती यांच्या संबंधात, आणि सतराव्या प्रकरणात, ओरेस्टिसच्या विधिपूर्वक शुद्धीच्या उल्लेखात. ‘पॉलिटिक्स’च्या आठव्या खंडात संगीताच्या परिणामाला तो चिकित्सेची उपमा देतो आणि या शब्दाचे अधिक स्पष्टीकरण काव्यविवेचनात करू, असे म्हणतो. उपलब्ध ‘पोएटिक्स’मध्ये ते नाही. ही रिकामी जागा भरण्यातूनच पुढील मतांतरे उद्भवली. लेसिंगने अठराव्या शतकात नैतिक अर्थ पुढे केला; याकोब बेर्नाइसने १८५७ मध्ये वैद्यकीय अर्थाचा आग्रह धरला; लिऑन गोल्डनने १९६२ मध्ये ही प्रक्रिया बोधात्मक मानली. दरम्यान ब्रॉयर आणि फ्रॉइड यांच्या १८९५ मधील ग्रंथाने हा शब्द पुन्हा रुग्णचिकित्सेत नेला.

‘विरेचन’ म्हणताच आपण बेर्नाइसच्या पक्षाला जातो, हे उघड आहे. परंतु या शब्दाला स्वतःचे शास्त्रही आहे. आयुर्वेदात विरेचन हे पंचकर्मांपैकी एक असून ते प्रामुख्याने पित्तासाठी सांगितले आहे. त्यापूर्वी स्नेहन आणि स्वेदन, त्यानंतर आहाराचा संसर्जनक्रम. येथे दोष समूळ नाहीसा करायचा नसतो. वाढलेला दोष काढून साम्य साधायचे असते. शिवाय विरेचनाची गणना ‘शोधना’त होते. म्हणजे निचरा की शुद्धी, हे युरोपीय समीक्षेतील द्वंद्व या परिभाषेत तितके तीव्र राहत नाही. भावनांचा केवळ निचरा होतो, असा ढोबळ अर्थ आपण करतो तेव्हा ग्रीक शब्दावर तर अन्याय होतोच. पण आपल्याच शब्दावर अधिक होतो.

अर्थात या रूपकालाही मर्यादा आहे. वैद्यापुढे रुग्ण असतो. प्रेक्षक रुग्ण नव्हे. आणि करुणरसाचा आस्वाद म्हणजे विरेचन, हे समीकरण तर मुळीच टिकत नाही. रसविचारात स्थायीभाव बाहेर टाकला जात नाही, तो आस्वाद्य होतो. एकात भावाचे प्रमाण बदलते, दुसऱ्यात त्याचे स्वरूप.

म्हणून ‘विरेचन’ ही संज्ञा टाकून देण्याची गरज नाही. ती वापरताना आपण ॲरिस्टॉटलचे मत सांगत आहोत, बेर्नाइसचे की आयुर्वेदातील संकल्पनेचा विस्तार करीत आहोत, एवढे समीक्षकाने स्पष्ट केले पाहिजे. संज्ञा उसनी घेता येते. तिच्यामागील विचार मात्र स्वतःच करावा लागतो.