जिवाणू धातू काढतो की झाड जगवतो?

'जिवाणू जमिनीतले जड धातू काढून टाकतात' हे वाक्य सिनॉप्सिसमध्ये लिहिण्याआधी बर्ड, डिक्सन आणि ग्लिक यांचा १९९८ चा शोधनिबंध वाचाच. निकेल असतानाही क्लुयवेरा जिवाणू दिलेली कॅनोलाची रोपं जास्त चांगली वाढली. पण मुळांत आणि वरच्या भागात, दर मिलिग्रॅम कोरड्या वजनामागे साठलेल्या निकेलमध्ये मोजण्याजोगा फरक पडला नाही. मग जिवाणूने केलं काय? लेखकांच्या मते, ताणामुळे वाढणारं इथिलीन कमी केलं. बस्स, एवढंच.

मला या निबंधाचा हाच प्रामाणिकपणा आवडतो. प्रयोग रोपांवरचा आहे आणि जमीन साफ झाल्याचा दावा लेखक करत नाहीत. तो दावा पुढे त्याचा दाखला देणारे करतात.

निकेल हे मूलद्रव्य आहे. तेलासारखं ते जिवाणू खाऊन संपवत नाहीत. म्हणून नुसती रोपाची उंची दाखवून भागत नाही. कोरडं वजन गुणिले धातूचं प्रमाण, हा हिशोब मांडा. तो जमिनीतल्या एकूण धातूच्या किती टक्के, तेही लिहा. आणि कापलेली झाडं टाकणार कुठे, हेही सांगा.