तीनशे मिलिमीटरचं माळरान: जुन्या टेलीफोटो लेन्स, शिरूर-दौंड आणि आपली नजर

सुरुवात एका प्रश्नापासून करू, कारण तो आम्हाला वारंवार विचारला जातो. घरात काकांची किंवा वडिलांची फिल्मच्या जमान्यातली तीनशेची लेन्स पडून आहे, ती घेऊन आपल्या भागात, म्हणजे शिरूर-दौंडकडे, वन्यजीवांचे फोटो काढता येतील का? येतील. तांत्रिक भाग आधी उरकतो, कारण आज मुळात बोलायचंय ते त्या लेन्समधून निघालेल्या छायाचित्राबद्दल. त्याला आपण चांगलं म्हणतो की वाईट, आणि का, याबद्दल.

लेन्स घरची नसेल तर पुण्याचा जुना बाजार आहे, मुंबईत फोर्टातला बोरा बाजार आहे. घेताना मागून टॉर्च मारून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, सोडून द्या. चार धुळीचे कण दिसले तर बिनधास्त घ्या. खरी अडचण माउंटची असते. कॅननच्या जुन्या एफडी लेन्स आणि १९८७ नंतरचे ईएफ कॅमेरे यांचं उदाहरण घ्या. एफडी लेन्स फिल्मपासून ४२ मिलिमीटरवर बसायची, ईएफ कॅमेऱ्यात ते अंतर ४४ आहे. फरक फक्त दोन मिलिमीटरचा, पण बिनकाचेचं अडॅप्टर लावलं की लेन्स जरा पुढे सरकते आणि लांबचं काही फोकसच होत नाही. फुलपाखरू येईल, हरीण नाही! मिररलेस कॅमेऱ्यांत हे अंतर वीस मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी असतं. त्यामुळे गेल्या काही वर्षांत कपाटातल्या कितीतरी लेन्स पुन्हा कामाला लागल्या. फोकस हातानेच करायचा, पण पडद्यावर फोकसमधल्या कडा रंगाने उजळतात, त्यामुळे जमतं. बसलेला पक्षी जमतो. उडणारा क्वचित.

आता जरा हिशोब करू. फुल-फ्रेम कॅमेरा, सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद, लेन्स तीनशेची. प्राणी ५० मीटरवर असेल तर चौकटीत किती रुंदीचं जग मावेल? सहा मीटर. शंभर मीटरवर बारा. लांडग्याचं अंग साधारण मीटरभर लांब धरा. म्हणजे शंभर मीटरवरचा लांडगा चौकटीचा बारावा हिस्सा व्यापतो, उरलेले अकरा हिस्से माळरान. हे अकरा हिस्से लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यांच्याबद्दल आहे.

आपल्याकडे अशा फोटोला एक शब्द आहे, ‘रेकॉर्ड शॉट’. म्हणजे प्राणी दिसला याचा पुरावा, बाकी किंमत शून्य. आम्हीही हा शब्द वर्षानुवर्षं वापरला. आता तो आम्हाला खटकतो.

उजनीचं उदाहरण घेऊ. भीमेवरचं धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि त्याचा फुगवटा मागे दौंडच्या दिशेने पसरला. भिगवण, कुंभारगाव, डिकसळ ही सगळी त्याच पाण्याच्या काठची गावं. हिवाळ्यात तिथे रोहित येतात, पट्टकदंब येतात, चित्रबलाक तर असतातच. दर रविवारी नावा भरून निघतात आणि सोमवारी सगळीकडे एकच फोटो दिसतो. एक रोहित, चौकट भरून, मागे लोण्यासारखी गुळगुळीत निळाई. सुंदर असतो, नाही म्हणत नाही. पण हा पक्षी कच्छचा, भिगवणचा की आफ्रिकेतल्या एखाद्या तळ्यावरचा, हे त्या फोटोवरून सांगता येत नाही. या पाण्याखाली गावं गेली, काठावर उसाला पाणी खेचणारे पंप आहेत, मासेमारीची जाळी आहेत आणि त्यांच्यामधून वाट काढत तो पक्षी चिखल गाळतो. यातलं काहीच चौकटीत नसतं. सहाशेची लेन्स ते पुसून टाकते आणि आपण त्या पुसण्याला ‘क्लीन बॅकग्राउंड’ म्हणून दाद देतो.

याउलट तीनशेने काढलेला माळावरचा लांडगा बघा. लहान दिसतो. त्याच्या मागे मेंढरं, मेंढरांमागे घोंगडी खांद्यावर टाकलेला धनगर, त्याच्याही मागे विजेचे खांब आणि नव्याने पाडलेल्या प्लॉटचे सिमेंटचे खुंट. फोटो म्हणून गचाळ, पण लांडग्याचं चरित्र त्यात आहे. दख्खनचा लांडगा जंगलात राहत नाही, तो मेंढरांच्या वाटेने जगतो आणि त्याच्या पायाखालचं माळरान सातबारावर ‘पडीक’ म्हणून लिहिलेलं असतं. खांब कापून टाकलेल्या फोटोतून हे कळायचं कसं?

मद्रासचे एम. कृष्णन (१९१२–१९९६) यांची आठवण इथे काढायला हवी. एका कंपनीचा कॅमेरा, दुसऱ्याच कंपनीची लेन्स, असं जोडजाड करून बनवलेल्या अवजड यंत्राने ते कृष्णधवल फोटो काढत. त्यांचा हत्ती त्याच्या झाडीत उभा असतो, झाडीपासून सोलून काढलेला नसतो. साधनांच्या मर्यादेतून ही नजर आली का? थोडी आली असेल. पण मर्यादा तर त्यांच्या काळात सगळ्यांनाच होती.

म्हणूनच ‘जुनी लेन्स माणसाला संयम शिकवते’ हे जे कौतुकाने बोललं जातं, ते आम्हाला पटत नाही. इतिहास उलटं सांगतो. लेन्स आखूड असल्या की पाय पुढे जातात. लोथरचं पुस्तक १९४९ चं, लोक वान थो यांचं १९५७ चं. त्या काळातलं पक्ष्यांचं छायाचित्रण मुख्यतः घरट्यापाशी, आडोशात बसून व्हायचं, कारण पक्षी हमखास परत येणारी जवळची जागा तेवढी एकच. त्यांची मेहनत मोठीच होती. पण पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि पक्ष्याच्या घरट्याला वा अंड्यांना त्रास देणं शिकारीच्या व्याख्येत आलं. टेलीफोटो लांब झाली तसं घरट्यापासून दूर राहता आलं, हे तिचं खरं श्रेय. ज्याला जुन्या लेन्सचं वेड आहे त्याने हे आधी कबूल करावं.

आमचीच गोष्ट सांगतो. जुनी तीनशे घेऊन नावेत बसलो होतो. रोहितांचा थवा साधारण ऐंशी मीटरवर. चौकटीत गुलाबी ठिपके दिसत होते. नावाड्याला म्हटलं, अजून थोडं. तो म्हणाला, “दादा, उठतील ती.” आम्ही म्हटलं, थोडंच. उठली. सगळाच्या सगळा थवा उठला, पंखांचा लाल-काळा रंग उघडला आणि आम्ही बटण दाबलं. त्या फोटोला पुढे भरपूर वाहवा मिळाली. एकानेही विचारलं नाही की चरता चरता पक्षी उडाले कशाने. उठवलेल्या थव्याचा फोटो वाचता येतो, मंडळी. सगळ्या माना एकाच दिशेला, म्हणजे नावेपासून उलट्या. आमच्या फोटोत तशाच आहेत. तो आम्ही आता दाखवतो तो फक्त हे सांगायला.

शिरूरकडे मामला याहून गंभीर आहे. मोराची चिंचोलीत मोर माणसाला सरावलेले आहेत, तिथे दोनशेचीही लेन्स पुरते, शिकायला उत्तम जागा. पण त्याच तालुक्यात उसात बिबट्या आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड भागात बिबट्याने माणसं मारली, त्यांत लहान मुलं होती. तिथे गळ्यात कॅमेरा अडकवून उसाच्या कडेला संध्याकाळी उभं राहणं हा आपल्या जिवाशी खेळ आहेच, शिवाय ज्या घरात सुतक आहे त्या घराच्या दारात केलेला असभ्यपणा आहे. पिंजऱ्यातल्या बिबट्याचा, दात विचकलेला, चौकटभर फोटो हा आम्ही पाहिलेला सगळ्यात खोटा वन्यजीव फोटो. तो घाबरलेला असतो आणि खाली मथळा असतो ‘नरभक्षक’.

जोडसामानाबद्दल थोडं. पाचशेची आरशाची लेन्स हलकी आणि स्वस्त, पण उजनीच्या पाण्यावर ऊन चमकलं की प्रत्येक चमकेचं मेदूवड्यासारखं कडं होतं. ढगाळ दिवशी वापरा. तिपाईपेक्षा जुन्या जीन्सच्या पायात तांदूळ भरून शिवलेली पिशवी बरी. ती गाडीच्या खिडकीवर टाका, इंजिन बंद करा आणि गाडीतच थांबा. चिंकारा गाडीला सहन करतो, खाली उतरलेल्या माणसाला नाही. चौफुल्यावरून सुप्याला वळलं की मयूरेश्वर अभयारण्य आहे, तालुका बारामतीचा पण दौंडला चिकटून. जेमतेम पाच चौरस किलोमीटर. तिथे ही पिशवी सोन्याची.

एक चिठ्ठी आलीय. “दोनपट टेलीकन्व्हर्टर घेऊ का? तीनशेची सहाशे होईल.” होईल, पण दोन स्टॉप प्रकाश जाईल. साडेचारची लेन्स नऊची होईल, जुन्या कॅमेऱ्याचा व्ह्यूफाइंडर अंधारेल, फोकसचं मधलं वर्तुळ अर्धं काळं पडेल. शिवाय माळावर दहा वाजले की मुरूम तापतो आणि हवा थरथरायला लागते. सुप्याला एकदा आम्ही याच कन्व्हर्टरने दोनशे मीटरवरचा चिंकारा दुपारी काढला. घरी येऊन पाहिलं तर पाण्यात बुडालेला चिंकारा! लेन्सचा दोष नव्हता. मधल्या दोनशे मीटर तापल्या हवेतून जगातली सगळ्यात महाग लेन्सही तेच दाखवते. तेव्हा कन्व्हर्टरचे पैसे डिझेलला ठेवा, यवतच्या पुढे उजाडेल अशा बेताने घरून निघा, आणि नऊला कॅमेरा पिशवीत घालून चहाला थांबा.