पाठीराख्यांची मसलत

ग्रीसच्या यादवींत बंडखोरांस शेजारी राज्यें मदत करतात, हा आरोप संयुक्त राष्ट्रसंघांत रशिया निक्षून नाकारीत होता; १९४७ सालच्या बाल्कन समितींत त्यानें आपली जागाही घेतली नाहीं. पडद्याआड काय चाललें होतें, तें मिलोव्हान जिलास यांच्या ‘स्टालिनशीं संभाषणें’ (१९६२) या पुस्तकांत वाचावें. फेब्रुवारी १९४८ मध्यें युगोस्लाव्ह व बल्गेरियन पुढाऱ्यांस क्रेमलिनमध्यें बोलावून स्टालिननें हें बंड आवरतें घेण्यास बजावलें. तेथें ग्रीक एकही नव्हता! जिलास हा प्रसंग साध्या शब्दांत सांगतात, म्हणूनच तो मनास चटका लावतो. मात्र मदत देणाऱ्या सरकारांत ते स्वतः होते; ग्रीकांचें आपण काय देणें लागतों, या प्रश्नांत त्यांनीं अधिक खोल शिरावयास हवें होतें, असें आम्हांस वाटतें. स्टालिनशीं बिनसलेल्या टिटोनें जुलै १९४९ मध्यें सरहद्द बंद केली, आणि ऑगस्टअखेर ग्रामोसच्या डोंगरांत बंडखोरांचा मोड झाला.