कारणांविना विवेकाधिकार : लेखी कैफियतीच्या मुदतीचा प्रश्न

दिवाणी प्रक्रिया संहितेतील १९९९ व २००२ च्या सुधारणा १ जुलै २००२ पासून अंमलात आल्या. समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत, आणि न्यायालयाने कारणे नोंदवून मुदत वाढविल्यास ९० दिवसांच्या आत, प्रतिवादीने लेखी कैफियत दाखल करावी, असे आदेश ८, नियम १ ने ठरविले. न्यायाधीशाच्या सौजन्यावर वाढत जाणाऱ्या तारखांना आळा घालणे, हा संसदेचा हेतू उघड होता.

२००५ मध्ये कैलाश विरुद्ध नन्हकू या निवडणूक याचिकेतून उद्भवलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही मुदत निदेशात्मक ठरविली. त्याच वर्षी सेलम अ‍ॅडव्होकेट बार असोसिएशनच्या निकालाने त्याला दुजोरा दिला. प्रक्रिया ही न्यायाची दासी आहे, हे त्यामागील सूत्र. ते तत्त्वतः चुकीचे म्हणता येणार नाही. गंभीर आजारात अडकलेल्या प्रतिवादीचा संपूर्ण बचाव एका दिवसाच्या विलंबाने बुडावा, हे न्यायाला धरून होत नाही. मात्र न्यायालयाने ही सवलत अपवादात्मक मानली होती आणि तिच्याशी लेखी कारणांची अट जोडली होती. व्यवहारात सवलत टिकली, अट गळून पडली.

रोजनाम्यावरील 'अर्ज मंजूर, खर्च देणे' एवढ्या नोंदीतून न्यायाधीशाने कशाचा विचार केला, हे कळत नाही. खर्चाची रक्कम किरकोळ असेल तर तो दंड राहत नाही. विलंबाचे शुल्क बनतो. (तहकुबीचेही तसेच. वकील अन्य न्यायालयात गुंतले आहेत, हे तहकुबीचे कारण होऊ शकत नाही, असे आदेश १७ स्पष्ट सांगतो. आणि नेमके तेच कारण तहकुबीच्या अर्जांत सर्रास आढळते.) सुधारित कलम ११५ नुसार, ज्या आदेशाने दावा अंतिमतः निकाली निघू शकला असता त्याच आदेशाविरुद्ध पुनरीक्षण चालते, म्हणून असे आदेश सहसा तेथे तपासले जात नाहीत. २०१५ च्या राधेश्याम निकालानंतर अनुच्छेद २२६ चा मार्गही बंद झाला. उरतो अनुच्छेद २२७, जो अपिलाची जागा घेऊ शकत नाही. वरिष्ठ न्यायालयाची तपासणी जेथे आक्रसते, तेथे कारणे हाच एकमेव अंकुश असतो. अभ्यासकांनी मात्र मुदत बंधनकारक की निदेशात्मक या वादातच अधिक शाई खर्च केली.

वाणिज्यिक न्यायालयांबाबत २०१५ च्या कायद्याने दुसरे टोक गाठले : १२० दिवसांनंतर कैफियतीचा हक्कच संपतो, आणि २०१९ मध्ये एससीजी कॉन्ट्रॅक्ट्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा बंधनकारक ठरविली. २०१८ मध्ये अशा वादांची किमान मूल्यमर्यादा १ कोटीवरून ३ लाख रुपयांवर आली. त्यामुळे मध्यम व्यापाऱ्याच्या वसुलीच्या दाव्यास कडक मुदतीचे संरक्षण लाभते. शेतजमिनीच्या वाटपाच्या दाव्यात मात्र, जेथे ताब्यातील भाऊ विलंबाच्या प्रत्येक हंगामाचे पीक घेतो आणि ताब्याबाहेरची बहीण तारखा मोजते, मुदतवाढीचा निर्णय आजही त्या एका ओळीच्या नोंदीवर अवलंबून राहतो.