धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ : आरंभीचे दशक

वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे निवर्तले आणि ९ जानेवारी १९२७ रोजी त्याच गावी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ स्थापन झाले. सुतकाचे दिवसही सरले नव्हते. ही त्वरा केवळ श्रद्धेची मानणे सोपे आहे. तीमागे कागद विखुरण्याची भीतीही असावी, असे आम्हांस वाटते.

ही भीती निराधार नव्हती. राजवाड्यांनी १९०९ साली ज्या जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली, ती पोथी पुढे अभ्यासकांच्या दृष्टीस पडली नाही. पाठ उरला, आधार गेला. त्या पाठाविषयीचा वाद छापील पानावरच लढवावा लागतो. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० मध्ये निघाले तेव्हा संस्थापक हिंडते-फिरते होते व दप्तरे मिळवणे हे काम होते. धुळ्यास संस्थापक नव्हता, त्याची टिपणे होती. शंकर श्रीकृष्ण देवांच्या सत्कार्योत्तेजक सभेमुळे (१८९३) जुन्या पोथ्या सांभाळण्याची सवय मात्र या गावास आधीपासून होती.

इतरांच्या पत्रांचे बावीस खंड काढणारा संशोधक येथे स्वतःच ‘साधन’ झाला, ही या मंडळाची खरी विशेषता होय. आणि अडचणही तीच. साधन जसेच्या तसे छापावे, हा दंडक पत्रास शोभतो. व्युत्पत्तीस तो तितकासा शोभत नाही. मंडळाने १९३७ मध्ये कृ. पां. कुलकर्णी यांच्याकडून संपादून घेतलेला ‘राजवाडे धातुकोश’ पाहावा. मराठी क्रियापदांची मुळे संस्कृत धातूंत शोधण्याची राजवाड्यांची धाडसी, पुष्कळदा ओढून आणलेली रीत तेथे दिसते. ती त्यांची म्हणून जपणे योग्यच होते. प्रमाण कोश म्हणून वापरणे धोक्याचे. विद्यार्थी हा भेद सर्रास विसरतात.

पश्चिम खानदेशातील या मंडळाच्या नावात प्रदेश नाही, व्यक्ती आहे. व्यक्तीचे नाव घेतलेल्या संस्थेस त्या व्यक्तीशी मतभेद करणे जड जाते. तथापि त्याच कुलकर्णींनी १९४६ मध्ये आपला स्वतंत्र ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ सिद्ध केला. दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून एकेक क्रियापद ताडून पाहण्याचे काम आमच्या विभागात कोणी हाती घ्यावयास हवे.