गुडघे टेकलेले आईबाप

युद्धस्मारक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उंच चौथरा, उपसलेली तलवार आणि उधळलेला घोडा येतो. जर्मन शिल्पकर्ती केटे कोलविट्झ (१८६७–१९४५) हिच्या स्मारकात यांतले काहीच नाही. म्हणूनच मला ते मोठे वाटते.

१९१४ साली तिचा धाकटा मुलगा पेटर लढाईवर जायला निघाला. वय अवघे अठरा; वडिलांची संमती हवी होती. डॉक्टर असलेले वडील राजी नव्हते. आईनेच मुलाची बाजू घेऊन त्यांचे मन वळवले. ऑक्टोबरात मुलगा बेल्जियममध्ये मारला गेला.

तेव्हापासून तिने स्मारकाचा ध्यास घेतला. आधीच्या कल्पनेत मुलाचा देहही होता. काम मोडले, सुटले, पुन्हा हाती आले. १९३२ मध्ये दफनभूमीत ग्रॅनाइटच्या दोन मूर्ती बसल्या, तेव्हा त्यांत मुलगा नव्हता. उरले होते आईबाप. पुढे थडग्यांबरोबर त्या व्लाड्स्लो येथे हलल्या. तेथे २५,००० हून अधिक जर्मन सैनिक विसावले आहेत.

बाप ताठ, स्वतःलाच घट्ट कवळून. आई पुढे वाकलेली. दोघे गुडघ्यांवर, पण चौथरे वेगळे. दुःख वाटून घेता येते असे आपण म्हणतो. ही शिल्पे ते नाकारतात. कोणी यात केवळ शोक पाहील. मला त्यात क्षमायाचनाही दिसते. वीराच्या पुतळ्याला आपण हार घालतो आणि मोकळे होतो. या आईपुढे तसे मोकळे होता येत नाही.